घरून काम केलेले दिवस

न्युरेम्बर्ग
१८ मे २०२५

चि. वैभवीस अनेक आशीर्वाद.

गेल्या वर्षीच्या त्या सकाळी आधी मशीनमधले कपडे काढून बाल्कनीत वाळत घातले, कारण ऊन पडलं होतं आणि मार्चमधलं ऊन इथे पाहुण्यासारखं असतं, बसेल की लगेच उठेल सांगता येत नाही. मग काचेच्या बाटल्या पिशवीत भरून दाराशी ठेवल्या. डाळ पातेल्यात शिजत घातली. तुझे काका घरून काम करायचे त्या दिवशी मी कुकर लावत नसे. एकदा मीटिंग चालू असताना शिट्टी झाली आणि त्यांच्या साहेबाने विचारलं, "मिस्टर दिनकर, तुम्ही स्टेशनवर आहात का?" तेव्हापासून बंद. मग मेथी निवडत बसले. त्यांच्या खोलीचं दार लावलेलं होतं. सव्वानऊला आतून त्यांचं मीटिंगमधलं "या, या" ऐकू आलं. थोड्या वेळाने परत एकदा. मी मेथी संपवली, काड्या टाकल्या, ओटा पुसला. पावणेअकराला ताक घेऊन दार ढकललं.

पुढचं तुला माहीत आहे. तू दुपारच्या गाडीने आलीस.

हे सगळं आज का लिहिते आहे, तर टॅक्स ऑफिसचं पत्र आलं आहे. २०२४ चं विवरण जुलैअखेर द्यायचं आहे आणि तुझे काका नसल्यामुळे त्यांच्या नावचंसुद्धा मीच सही करून द्यायचं. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ क्नोब्लोखनी वाचून सांगितलं, घरी कामासाठी घेतलेली खुर्ची, टेबल आणि घरून काम केलेले दिवस, सगळ्याची सूट मिळते. दर वर्षी हे स्वतः भरत असत. मला त्यातलं काही कळत नाही. तुला वेळ असेल तर करशील का? फोनवर विचारलं असतं, पण त्यांचा विषय निघाला की मला फोनवर बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. कागदावर येतं.

एकच सांगते. बारा मार्च हा दिवस धरायचाच. त्या दिवशीही ते कामावरच होते.

तुझी,
शुभाकाकू


उंटरश्लाइसहाइम
२४ मे २०२५

ती. काकूस सा. न.

पत्र पोचलं. माझ्या पत्रपेटीत पिझ्झ्याच्या जाहिराती सोडून काही येत नाही, त्यामुळे तुझं अक्षर बघून आधी दोन मिनिटं खालीच उभी राहिले.

टॅक्सचं मी करते. अजिबात काळजी करू नकोस. ऑफिसमधल्या चार मराठी लोकांचे मीच भरते, बदल्यात मला पुरणपोळ्या मिळतात. तू काय देणार ते ठरवून ठेव.

सोपं आहे. घरून काम केलेल्या प्रत्येक दिवसाचे सहा युरो धरतात. त्याला वेगळी खोली लागत नाही, फक्त दिवस खरे हवेत. ज्या दिवशी ऑफिसला गेले त्या दिवशी जाण्यायेण्याचं अंतर धरायचं. म्हणून मला तारखा लागतील. काका गेल्यावर कंपनीने शेवटचे कागद पाठवले होते ना, त्यात हजेरीचा तक्ता असेल, तो पाठव. गेल्या वर्षी जानेवारीत नवी खुर्ची आणि वरखाली होणारं टेबल घेतलं त्याची बिलं पाठव. आणि मला सांग, खुर्ची किती टक्के कामासाठी वापरली जायची आणि किती टक्के घरासाठी. म्हणजे तू म्हण शंभर. सगळे शंभर म्हणतात.

काकू, तू त्या सकाळचं एवढं लिहिलंस. पूर्वी कधी सांगितलं नव्हतंस. मी दोनदा वाचलं.

तू जेवतेस ना नीट?

तुझी,
वैभवी


न्युरेम्बर्ग
२ जून २०२५

चि. वैभवीस आशीर्वाद.

हजेरीचा तक्ता आणि दोन्ही बिलं सोबत आहेत. फ्राऊ क्नोब्लोख म्हणाल्या, जर्मनीत कुठलाही कागद कॉपी काढल्याशिवाय हातचा सोडायचा नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन कॉपी काढून ठेवली. आडनावात लसूण असलेली बाई, पण माझ्या फोडणीचा वास आला की खिडकी लावते. स्वभावाने मात्र चांगली आहे.

आता खुर्चीचं. शंभर टक्के मी म्हणणार नाही. सोमवारी आणि बुधवारी हे ऑफिसला जात, तेव्हा दुपारभर त्या खुर्चीवर मी बसायची. लायब्ररीतून आणलेलं पुस्तक टेबलावर, शेजारी शब्दकोश. तू ब्राउनश्वाइगच्या कॉलेजातून सुट्टीला यायचीस तेव्हा मला मुलांची पुस्तकं वाचताना बघून हसायचीस, आठवतं का? कोल्ह्याची आणि बेडकाची. दहावीला कऱ्हाडला शाळा सुटली ती सुटली, पुढचं सगळं असंच एकेक ओळ लावत शिकले. आता मोठ्यांची वाचते. ती खुर्ची यांच्या पाठीसाठी घेतली आणि निम्मी सवय मला लागली. एकदा हे लवकर घरी आले आणि मी त्यांच्या खुर्चीवर बसलेली, म्हणाले, "साहेब, उठता का? आमची नोकरी आहे इथे."

तेव्हा आठवड्याचे पाच दिवस, तीन त्यांचे, दोन माझे. साठ टक्के लिही.

तू म्हणशील, काकू, कोण बघायला येणार आहे. कोणी येणार नाही. पण सही मी करणार आहे, आणि ती त्यांच्या नावाखाली असणार आहे.

बारा मार्चचं विसरू नकोस. तो दिवस धरच. त्यांच्या मागे निदान एवढं तरी कागदावर राहू दे की शेवटच्या दिवशी ते कामावर होते, लोकांशी बोलत होते. मी सगळ्यांना तेच सांगितलं आहे. कऱ्हाडला वन्संना फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, दादा काम करता करता गेला, पुण्यवान. मला त्याचा आधार वाटतो.

जेवते मी. पोळ्या करत नाही एकटीसाठी, भाकरी थापते. रविवारी आलीस तर पोळ्या होतील.

शुभाकाकू


उंटरश्लाइसहाइम
२९ जून २०२५

ती. काकू,

उशीर झाला, सॉरी. ऑफिसमध्ये खूप काम होतं.

फॉर्म भरून सोबत पाठवते आहे. कागदावरच देऊ, तुला हातात धरून बघता येईल. खुर्ची आणि टेबल साठ टक्के धरलं, तुझ्या म्हणण्याप्रमाणे. घरून कामाचे दिवस सत्तावीस. बारा मार्च धरला आहे. पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही कर आणि पोस्टात टाक.

रविवारी यायला जमेल असं वाटत नाही.

वैभवी


न्युरेम्बर्ग
४ जुलै २०२५

चि. वैभवीस आशीर्वाद.

फॉर्म मिळाला. सही केलेली नाही.

मागचं पत्र तू पानभर लिहिलंस. या वेळी अर्धं पान लिहिलंस आणि त्यात पुरणपोळीचं नाव नाही. मला वाटलं, माझ्या साठ टक्क्यांवर रागावलीस. म्हणून म्हटलं, पोरीने एवढं केलं आहे तर निदान नीट वाचून सही करावी. शब्दकोश घेतला, चष्मा घेतला आणि त्याच खुर्चीवर बसून सगळं वाचलं. मग हजेरीच्या तक्त्याची कॉपी काढली होती ती समोर ठेवून दिवस मोजले.

त्यात रोजच्या तारखेसमोर एकेक अक्षर आहे. ऑफिसला गेले तिथे बी, घरून काम केलं तिथे एच. मी एच मोजले. सव्वीस भरले. परत मोजले. पेन्सिलीने टिंबं देत तिसऱ्यांदा मोजले. सव्वीसच.

बारा मार्चसमोर एच नाही. यू आहे.

यू म्हणजे काय ते बघायला शब्दकोश लागला नाही. चौदा वर्षं या देशात काढली, उर्लाउब म्हणजे सुट्टी एवढं समजतं. इथली माणसं भेटली की पहिला प्रश्न तोच असतो.

हे सुट्टीवर होते? मग लॅपटॉप लावून, दार लावून आत काय करत होते? मला का नाही सांगितलं? की कंपनीने चुकून टाकलं आहे? चूक असेल तर आपण त्यांना लिहू, ते दुरुस्त करून देतील. पण वैभवी, हा तक्ता तुझ्याकडे महिनाभर होता. तू हिशोबात पक्की आहेस. तुला यू दिसला नसेल असं मला वाटत नाही.

तू मला काही सांगायचं टाळते आहेस का?

काकू


उंटरश्लाइसहाइम
१३ जुलै २०२५

काकू,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

तक्त्यात चूक नाही. काकांनी त्या दिवशी सुट्टी घेतली होती, आणि ती माझ्यासाठी घेतली होती.

तेव्हा माझा प्रोबेत्साइट चालू होता. नोकरी लागल्यावर पहिले सहा महिने कधीही काढून टाकू शकतात, ते. माझं काही नीट चाललं नव्हतं. साहेबाने सांगितलं होतं, चौदा तारखेला मोठ्या लोकांसमोर तुझ्या कामाचं सांग, मग ठरवू. मी इतकी घाबरले होते की मला जर्मन वाक्य पुरं करता येत नव्हतं. घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. बाबांना कळलं असतं तर त्यांनी सांगलीहून रोज तीनदा फोन केला असता. फक्त काकांना सांगितलं आणि म्हटलं, काकूला सांगू नका, ती माझी काळजी करत बसेल. ते म्हणाले, "मंगळवारी सुट्टी टाकतो. साडेनऊला व्हिडिओवर ये, तुझा साहेब होऊन बसतो. टाय लावू का?"

मंगळवार बारा तारीख होती. सकाळी मी उठले नाही. आजारी नव्हते. काही झालं नव्हतं. थंडी होती आणि पांघरूणातून निघावंसं वाटेना, एवढंच. नऊ वाजून पाच मिनिटांनी मी मेसेज केला, काका आज नको, उद्या करू या का? त्यांचं उत्तर आलं ते तसंच्या तसं लिहिते, ते माझ्या फोनवर आहे:

"बरं, झोप. सुट्टी पदरात पडलीच आहे. तुझ्या काकूला अजून पत्ता नाही. आता तिलाच बोलावतो, कुठेतरी फिरून येतो दोघं."

नऊ वाजून बारा मिनिटं.

तू पहिल्या पत्रात लिहिलंस, सव्वानऊला "या, या" ऐकू आलं. ते वाचलं आणि फोन काढून या मेसेजची वेळ परत बघितली. काकू, मी तुमच्याकडे राहिले आहे. मला माहीत आहे ते तुला कशी हाक मारायचे. नवीन आलात तेव्हा ट्राममध्ये सगळे फोनवर हो हो करताना जर्मनमध्ये "या, या" म्हणतात ते ऐकून तू विचारलं होतंस ना, "अहो, ही माणसं दिवसभर या या करतात, मग कुणाकडे कोणी जाताना कसं दिसत नाही?" काकांनी ते प्रत्येक पाहुण्याला सांगितलं. तेव्हापासून ते तुला नावाने नाही, अगं म्हणून नाही, "या" म्हणूनच बोलवायचे. चहाला या, बघायला या, माझा चष्मा शोधायला या.

त्या सकाळी मीटिंग नव्हती.

तुला बारा मार्च का धरायचा होता ते मला समजलं, म्हणून मी धरला. सहा युरोंचं खोटं. वाटलं, तेवढं चालेल.

मी ठरल्याप्रमाणे साडेनऊला व्हिडिओवर असते तर मला ते दिसले असते. मी तुला फोन केला असता. चौदा तारखेला माझं प्रेझेंटेशन झालंच नाही, मी तुझ्याकडे होते. परत गेले तर साहेब म्हणाला, तुझ्या घरी असं झालंय, राहू दे ते, आणि मला कायम केलं. काका गेले म्हणून मला नोकरी मिळाली. सव्वा वर्ष मी तो पगार घेते आहे आणि तुझ्याकडे येऊन जेवते आहे.

तू हवं तर बोलू नकोस माझ्याशी. फॉर्म मात्र एकतीस जुलैच्या आत जायला हवा. त्यात काय लिहायचं ते तू सांग.

वैभवी


न्युरेम्बर्ग
१७ जुलै २०२५

चि. वैभवीस आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी आलं. ओट्याशी उभी राहून वाचलं आणि मग खाली बसले.

रागावले का? हो. मंगळवारी दुपारभर रागावले. तुझ्यावर कमी आणि यांच्यावर जास्त. मला सांगितलं असतं की आज सुट्टी आहे, तर मी दार लावूच दिलं नसतं. मग राग उतरला आणि खाली काय उरलं होतं ते दिसलं. ते आता तुलाही सांगते. तू सांगितलंस, मग मी लपवणं बरं नाही.

मला संशय पहिल्या दिवसापासून होता.

मीटिंगमध्ये हे "या" म्हणायचे ते आखूड, आणि मागोमाग "गेनाऊ", म्हणजे बरोबर, यायचं. या, या, गेनाऊ. इतकी वर्षं दाराबाहेरून तेच ऐकलं. त्या दिवशी गेनाऊ आलं नाही. पहिला "या" आला तो मजेतला होता, ओढलेला, चहाला बोलावतात तसा. मेथी निवडता निवडता माझी मान वर झाली होती. मग मी मनाशी म्हटलं, दार लावलंय, मीटिंग असणार, आत गेले तर ओशाळे होतील. दुसरा काही मिनिटांनी आला. तो कसा होता ते मी कागदावर लिहू शकत नाही. तेव्हा डाळ उतू जात होती आणि मी पातेल्यावरचं झाकण हळूच काढलं. आवाज होऊ नये म्हणून हळूच. मी इतकी काळजी घेतली, वैभवी.

डॉक्टर म्हणाले होते की जीव जायला फार वेळ लागला नसावा, कोणी जवळ असतं तरी वाचले असते की नाही सांगता येत नाही. मी ते धरून बसले. लोकांना मीटिंग सांगितली, वन्संना मीटिंग सांगितली, आणि शेवटी सरकारकडून शिक्का मारून घ्यायला निघाले होते की त्या दिवशी ते कामावर होते. म्हणजे ते "या" कामाचं ठरेल, माझं ठरणार नाही. खुर्चीच्या साठ टक्क्यांसाठी तुला शहाणपण शिकवलं आणि हे तुझ्याकडून करून घेत होते.

तू पांघरूणात होतीस. तुला ऐकू येण्यासारखं काही नव्हतं. मी सात पावलांवर होते. मोजली आहेत. तेव्हा तुझं आणि माझं एका तागडीत घालू नकोस. नोकरी तुझी आहे, नीट कर. त्यांनी त्यासाठी सुट्टी घेतली होती, ती फुकट घालवू नकोस.

एक गोष्ट मात्र तू मला दिलीस, ती तुला कळलेली दिसत नाही. पहिला "या" आला तेव्हा त्यांना काही होत नव्हतं. ते मला फिरायला न्यायला बोलावत होते. सव्वा वर्ष मी दोन्ही हाका दुखण्याच्या धरल्या होत्या. त्यातली एक तरी तशी नव्हती. कुठे नेणार होते देव जाणे. मला वाटतं, वोर्डर व्हीझे बागेच्या बाजूला पेग्निट्झ नदीच्या कडेने. मार्चात तिथे कोणी नसतं, आणि त्यांना बदकांशी मराठीत बोलायची खोड होती.

मंगळवारीच मी वन्संना फोन केला. फोनवर बोलता येत नाही मला, तरी केला. सांगितलं, दादा कामात नव्हते, सुट्टीवर होते, मला हाक मारली आणि मी गेले नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वहिनी, आज जेवलात का?" आणि रडल्या. तुझं नाव मी घेतलं नाही. ते तू तुझ्या बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव.

फॉर्मवर सत्तावीस खोडून सव्वीस लिहिलं आणि शेजारी छोटी सही केली. खाडाखोड केली तर तशी करतात, असं फ्राऊ क्नोब्लोख म्हणाल्या. मोठी सही फुलीवर केली. पाकीट पोस्टात टाकलं.

रविवारी ये. इथे "या" म्हणून सोडून देणारे पुष्कळ आहेत, मी खरंच बोलावते आहे. पोळ्या पुरणाच्या असतील, तुझी फी राहिली आहे.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी फ्राऊ क्नोब्लोखना वर बोलावलं आणि आम्ही दोघींनी मिळून त्या खोलीचं दार बिजागऱ्यांवरून उचललं आणि खाली तळघरात, केलरमध्ये, नेऊन ठेवलं.

तुझी,
शुभाकाकू